रोजच्या स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग: किती मिमी, कुठली, आणि शॉकअप बदलायचे का?

कोथरूड_ते_हिंजवडी (धागाकर्ता)

गाडी २०१९ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल मॅन्युअल, ४८,००० किमी. टायर १८५/६५ आर१५, रिम कंपनीचेच. स्प्रिंग आणि शॉकअप पहिल्या दिवसापासूनचे, गळती नाही. सोमवार ते शुक्रवार एकट्याने कोथरूड-हिंजवडी. सुट्टीला चौघे आणि डिकीभर सामान, बहुतेक वेळा ताम्हिणीतून कोकणात.

चाकाच्या वरची पोकळी कमी दिसावी आणि वळणात गाडी कमी कलंडावी, एवढीच अपेक्षा आहे. शर्यतीत उतरायचं नाही. दुकानांमधून तीन पर्याय सांगितले गेले:

१. गाडी ४० मिमी खाली आणणारा लोअरिंग स्प्रिंगचा सेट
२. ३० मिमीचा "प्रोग्रेसिव्ह" सेट
३. आहेत त्याच स्प्रिंगचा एक-एक वेढा कापणं, सगळ्यांत स्वस्त

तिन्ही ठिकाणी "शॉकअप चालतील की तेच" असं उत्तर मिळालं. यातलं काय घ्यावं? की चौथंच काही?

कोपरावळण

किती मिमी, हा आकडा कमानीतल्या पोकळीवरून ठरवू नका. चौघे बसून डिकी भरल्यावर मागच्या शॉकअपचा किती दांडा मोकळा उरतो, त्यावर तो ठरतो. एकट्याने चालवताना ४० मिमी खाली गेलेली गाडीसुद्धा बरी वाटेल. ताम्हिणीत भरल्या गाडीने एक खड्डा घेतला की मग कळतं, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

म्हणून खरेदीआधी मोजा. सपाट फरशी, टाकी भरलेली, हवा बरोबर. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून सरळ चाकांवर थांबवा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. मग चारही चाकांना हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते, हबपासून मोजलं तर मिसळत नाही.

यानंतरचं मोजमाप सगळ्यांत महत्त्वाचं. मागच्या शॉकअपचं धूळ-कव्हर वर सरकवा. दांड्यावर प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधा आणि शॉकअपच्या नळीच्या तोंडापर्यंत खाली दाबा. वरच्या रबरी बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारं रबर) किती चकचकीत दांडा दिसतो तो मोजा, एकदा एकट्या चालकासह आणि एकदा पूर्ण भरून. मग भरलेली गाडी नेहमीच्या रस्त्याने फिरवून आणा. शॉकअप दाबला गेला की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. टाय आणि रबर यांच्यात जेवढा दांडा उरला, तेवढीच तुमची शिल्लक. टाय रबराला टेकलेला सापडला, तर आजच्या उंचीलाच स्टॉप लागतोय.

आता खालून घासण्याचा प्रश्न. स्विफ्टची छापील क्लिअरन्स (जमीन ते गाडीचं पोट) १६३ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २४५० मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मधला गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. तो व्हीलबेसपेक्षा रुंद, त्यामुळे माथा गाडीच्या मधोमध आला तेव्हा चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि माथ्यापेक्षा फक्त ४४ मिमी खाली असतात. म्हणजे पोटाखाली ११९ मिमी उरतात, आणि ३० मिमी खाली आणलेल्या गाडीला ८९. असा गतिरोधक काहीच त्रास देत नाही. त्रास देतो तो सोसायटीच्या गेटसमोर डांबर ओतून केलेला, १५ सेंमी उंच आणि हातभर रुंद. तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मध्ये येतो. १६३ वजा १५०, उरले १३ मिमी, तेही रिकाम्या गाडीत.

त्यामुळे स्प्रिंग घेण्याआधी २५ मिमी जाड थर्माकोलचा तुकडा इंजिनाखालच्या क्रॉस मेंबरच्या (आडव्या तुळईच्या) सर्वांत खालच्या जागी टेपने चिकटवा, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब. वर खडू फासा. आठवडाभर रोजचा रस्ता आणि तळघरातल्या पार्किंगचा उतार त्याच्यासह करा. खडू पुसला गेला किंवा तुकडा फाटला, तर ती जागा उद्या तुमच्या गाडीची.

खरेदीत दोन फसगती होतात. पहिली देशाची. युरोपातल्या स्विफ्टची क्लिअरन्स १२० मिमी छापलेली असते, आपली १६३. तिकडच्या गाडीसाठी "३० मिमी" लिहिलेली स्प्रिंग ही तिकडच्या उंचीच्या हिशेबाने असते. ती इथल्या गाडीला बसली तरी गाडी ३० पेक्षा बरीच जास्त खाली जाईल. दुसरी फसगत इंजिनाची. या पिढीची स्विफ्ट इथे १.३ डिझेलमध्येही विकली गेली आणि डिझेल साधारण १०० किलो जड, बहुतेक वजन नाकावर. पुढच्या एका चाकाला ५० किलो जादा म्हणजे ४९० न्यूटन. चाकाजवळचा ताठपणा मिमीला २० न्यूटन धरला तर २४-२५ मिमीचा फरक पडतो. पेट्रोल आणि डिझेल दोन्हींना एकच स्प्रिंग आणि एकच "३० मिमी" लिहिलेलं असेल, तर त्यातल्या एका गाडीसाठी तो आकडा खोटा आहे. डब्यावर इंजिन, वर्ष आणि पुढच्या एक्सलचं कमाल वजन लिहिलेला सेटच घ्या.

मोजून आकडे इथे टाका, हिशेब करू.

पानासेट

तिसरा पर्याय यादीतूनच काढा. वेढा कापल्याने नेमकं काय होतं ते सांगतो.

स्प्रिंगचा ताठपणा हा तारेच्या जाडीचा चौथा घात भागिले काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या, असा चालतो. सहा वेढ्यांतला एक कापला तर ताठपणा ६/५ पट, म्हणजे २० टक्के वाढतो. तेवढंच झालं असतं तर सोसलं असतं. पण मोकळी लांबीही कमी होते. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खड्ड्यात लटकलं की शॉकअप पूर्ण उघडतो, स्प्रिंग मात्र तिथवर पोचत नाही. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. तिथे सैल झालेली स्प्रिंग आपल्या रबरी बैठकीवरून सरकते, चाक परत खाली येतं तेव्हा वाकडी बसते, आणि कधीकधी पूर्ण निघून येते. शिवाय कंपनीच्या स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीत बसेल असं वळवलेलं असतं. कापलेलं टोक सरळ तिरकं येतं, एकाच बिंदूवर टेकतं आणि बैठकीचा पत्रा खातं.

काही ठिकाणी गॅसने तापवून स्प्रिंग "बसवतात". तापवलेल्या जागेचं पाणी उतरतं. तो वेढा पुढे बसतच राहतो किंवा तिथून तडकतो. दोन बाजू सारख्या तापत नाहीत, म्हणून गाडी एका अंगाला झुकते. हे कुणालाही करू देऊ नका.

"प्रोग्रेसिव्ह" या शब्दावरही थोडं. लोअरिंग स्प्रिंगच्या एका टोकाला जवळजवळ घेतलेले दोन-तीन वेढे दिसतात. गाडी चाकांवर उभी राहिली की बऱ्याच सेटमध्ये ते वेढे एकमेकांना टेकून बंद झालेले असतात. चालताना उरलेली स्प्रिंग एकाच ताठपणाची. त्या वेढ्यांचं खरं काम चाक लटकलं असताना स्प्रिंग जागेवर धरून ठेवण्याचं आहे आणि त्यासाठी ते हवेतच. पण "एकट्याने मऊ, भरल्यावर कडक" असं त्या शब्दाच्या भरवशावर गृहीत धरू नका.

कोथरूड_ते_हिंजवडी

मोजलं. मागच्या शॉकअपचा मोकळा दांडा एकट्याने ६२ मिमी, चौघे आणि सामानासह २४ मिमी. भरलेली गाडी रस्त्यावर फिरवून आणल्यावर टाय रबराला टेकलेला होता. एकट्याच्या फेरीत १९ मिमी उरले. थर्माकोल फक्त गेटच्या गतिरोधकावर घासला, तेही चौघे असताना. पार्किंगच्या उतारावर काही नाही.

कोपरावळण

उत्तर यातच आहे.

भरल्यावर तुमची गाडी मागे ६२ − २४ = ३८ मिमी बसते. नवीन स्प्रिंग २० टक्के ताठ धरा, मग तेवढ्याच वजनाला ३८ ÷ १.२, म्हणजे ३२ मिमी बसेल. आता तीन पर्याय तपासू. (शॉकअप आणि चाक यांची हालचाल स्विफ्टच्या मागच्या बाजूला जवळपास सारखी आहे, म्हणून सोपा हिशेब चालतो.)

४० मिमी खाली: ६२ − ४० − ३२ = वजा १०. गाडी उभ्या जागी बंप स्टॉपवर बसलेली. तिथून पुढे स्प्रिंग काम करतच नाही, रबर करतं. खड्ड्यात मागची बाजू उसळणार आणि घाटाच्या वळणात मधेच रस्ता खराब लागला तर मागचं चाक पकड सोडणार. यासाठीच मी एवढा आग्रह धरतोय, कारण हा प्रकार दिसण्याचा किंवा आरामाचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

३० मिमी: ६२ − ३० − ३२ = ०. रबराला टेकलेली.

१५ मिमी: ६२ − १५ − ३२ = १५ मिमी. आजच्या २४ पेक्षा कमी, पण स्प्रिंग ताठ आहे आणि १५ मिमीनंतर रबराचा मऊ निमुळता भाग सुरू होतो. चालण्यासारखं.

म्हणून तुमच्यासाठी पुढे २०-२५ मिमी, मागे १५ मिमी. भारतातल्या स्विफ्टची पुढची पोकळी डोळ्यांत जास्त भरते, त्यामुळे पुढे थोडं जास्त घेतलेलं दिसायलाही बरं. पुढे २५ च्या पलीकडे मात्र जाऊ नका. गाडी चाकांवर उभी असताना समोरून खाली वाकून लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बघा: आतल्या बुशच्या (रबरी सांध्याच्या) मध्यापासून बाहेरच्या बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत मनात रेघ ओढा. आज ती बाहेरच्या बाजूला खाली उतरलेली दिसेल. ती आडवी झाली आणि पुढे उलटी चढायला लागली की स्विफ्टच्या पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनचं रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. दोन्हींमधलं अंतर म्हणजे कलंडवणारी तरफ, आणि ती वाढते. गाडी खाली येऊनही वळणात पूर्वीइतकीच कलंडते, कारण स्प्रिंगचा वाढलेला ताठपणा त्या तरफेतच खर्च होतो.

इतका कमी खाली आणणारा सेट तयार मिळत नसेल तर थांबा. नवीन चांगले शॉकअप आणि चांगले टायर मूळ स्प्रिंगवरच लावले तरी वळणातला फरक तुम्हाला स्टीअरिंगवर जाणवेल.

दोलनकाळ

शॉकअपबद्दल "चालतील की" हे उत्तर बरोबर नाही. ताठ स्प्रिंगला आवरायला लागणारं डॅम्पिंग (डोलणं शमवण्याची शॉकअपची ताकद) ताठपणाच्या वर्गमुळाने वाढतं. स्प्रिंग २० टक्के ताठ, तर डॅम्पिंग साधारण १० टक्के जास्त हवं. तुमचे शॉकअप ४८,००० किमी चाललेले, म्हणजे नवे असतानाचं डॅम्पिंगही त्यांच्यात पूर्ण नसणार. दोन्ही उणिवा एकाच दिशेच्या. परिणाम असा की उंचवट्यावरून उतरल्यावर नाक एकदा खाली-वर होऊन थांबण्याऐवजी दोन-अडीच वेळा डोलतं. मागे बसणाऱ्यांना मळमळतं ते याने, कडक स्प्रिंगने नाही.

मजुरीचंही बघा. पुढची स्प्रिंग बदलायला स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकत्र जोड) पूर्ण खोलावाच लागतो. शॉकअप आज जुना ठेवला आणि वर्षाने बदलला तर तीच मजुरी दुसऱ्यांदा आणि अलाइनमेंटही दुसऱ्यांदा. चारही शॉकअप, पुढचे दोन स्ट्रट माउंट, बेअरिंग, चार बंप स्टॉप आणि धूळ-कव्हर एकदमच घ्या.

१५-२५ मिमीसाठी मूळ लांबीचेच शॉकअप पुरतात. कमी लांबीचे साधारण ३० मिमीच्या पुढे लागतात. बिलस्टाइनच्या नावांवरून हा फरक समजतो: बी६ मूळ उंचीसाठी, बी८ खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड. बंप स्टॉप कापायची सूचना सेटच्या कागदात असेल तरच कापा. कापायचाच झाला तर वरच्या जाड बाजूने, निमुळतं टोक राखून. ते टोक हळूहळू दाबलं जातं म्हणून धक्का सौम्य लागतो. आणि सूचनेपेक्षा जास्त कापला तर पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळून शॉकअपच जातो.

पानासेट

बसवून घेताना समोर उभे राहा आणि एवढ्या गोष्टी बघा.

पुढचा स्ट्रट बाहेर काढला की स्प्रिंग दीडशे-दोनशे किलोच्या जोराने दबलेली असते. समोरासमोर दोन कॉम्प्रेसर लावून, आलटून-पालटून आवळून, स्प्रिंग वरच्या बैठकीवर सैल झाल्याची खात्री झाल्यावरच मधला नट खोलायचा. आधीच गनने नट उडवणारा कारागीर दिसला तर काम थांबवा. वरची बैठक तोंडावर येते. परत बसवताना शॉकअपचा दांडा ॲलन कीने धरायचा. पकडीने धरला तर दांड्यावर ओरखडा पडतो, तो ओरखडा सील कापतो आणि दोन महिन्यांत तेल गळतं.

स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या पायरीला टेकलेलं हवं. स्प्रिंगवरची अक्षरं सरळ वाचता येत नसतील तर ती उलटी बसलीय. मागे स्प्रिंग काढताना बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) खाली सोडला जातो, तेव्हा ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर ताण येता कामा नये. बीमखाली जॅक ठेवून हळू सोडायचा.

बरीच गॅरेज एक पायरी गाळतात. लोअर आर्मच्या आतल्या बुशचे आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी लटकलेली असताना आवळू नयेत. ते सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची आणि मग आवळायचे. बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. जुन्या उंचीला आवळलेला बुश २५ मिमी खाली आणलेल्या गाडीत कायम चार-पाच अंश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून आवळलेले असले तरी एकदा सैल करून नव्या उंचीला परत आवळून घ्या. टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमधला.

शेवटी मागची दोन्ही चाकं हवेत घेऊन स्प्रिंग हाताने फिरवून बघा. सहज फिरली तर मोकळी लांबी कमी आहे. तो सेट परत करा.

काळी_काच_नको

कागदपत्रांचा मुद्दा राहिला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असा अर्थ लावला. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि त्यांचं लेखी उत्तर पॉलिसीसोबत ठेवा. फोनवरच्या होकाराला दाव्याच्या वेळी किंमत नसते. वॉरंटी शिल्लक असेल तर सस्पेन्शनपुरती ती गेली असं धरा.

कोथरूड_ते_हिंजवडी

पुढे २५, मागे १५ आणि चार नवे शॉकअप असं ठरवतोय. अलाइनमेंट लगेच करायची की स्प्रिंग बसल्यावर? आणि हेडलाइटचं काय?

कोपरावळण

दोनदा करा. बसवल्या दिवशी टो (वरून पाहता चाकं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) तपासून घ्या, कारण गाडी खाली आली की टाय रॉडचा (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) कोन बदलतो आणि टो हमखास सरकतो. ते तसंच ठेवून महिनाभर चालवलं तर टायरची कड करवतीसारखी होते. बोट आडवं फिरवलं की एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खरखरीत लागतं. मग ४००-५०० किमीनंतर स्प्रिंग काही मिमी आणखी बसलेली असते, तेव्हा दुसऱ्यांदा. त्याच दिवशी हबपासून कमानीपर्यंतची चारही अंतरं परत मोजा. डाव्या-उजव्यात ५ मिमीच्या वर फरक असेल तर एखादी स्प्रिंग पायरीत बसलेली नाही.

पुढचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; ऋण म्हणजे वरची बाजू आत) या उंचीला साधारण अर्ध्या अंशाच्या आत ऋण जाईल, तो तसाच राहू द्या. टायर खातो तो मुख्यतः चुकलेला टो. मागचा बीम जुळवता येत नाही, पण त्याचे आकडे छापून घ्या. बीम वाकलेला असेल तर तिथे दिसेल.

हेडलाइट: पुढे २५ आणि मागे १५, म्हणजे नाक १० मिमी जास्त खाली. २४५० मिमीच्या व्हीलबेसवर तेवढ्याने २५ मीटरवरचा झोत १० सेंमी खाली येतो. भिंतीसमोर गाडी लावून झोताची वरची कड बसवण्याआधी खडूने आखून ठेवा, नंतर त्या रेघेच्या २५ मिमी खालपर्यंत स्क्रूने वर आणा, कारण दिवाही तेवढा खाली आलेला असतो. चौघे बसवून पुन्हा बघा, मागची बाजू दबली की समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही ना.

जुन्या चारही स्प्रिंगवर पुढची डावी, पुढची उजवी असं रंगाने लिहून ठेवा. वरचे कंपनीचे रंगाचे पट्टे पुसू नका, पुढे गाडी मूळ उंचीला आणायची झाली तर स्प्रिंग कुठल्या मॉडेलची ते त्या पट्ट्यांवरूनच कळतं.